क्यूलॅब ५ : ऐनवेळच्या बदलांना मोकळीक, पण कुठवर?

नाटक, नृत्यनाट्य किंवा मोठ्या इव्हेंटमध्ये ध्वनी आणि व्हिडिओचे क्यू, म्हणजे ठरल्या क्षणी सुरू किंवा बंद करायचे तुकडे, सोडायला 'फिगर ५३' कंपनीचं क्यूलॅब हे सॉफ्टवेअर जगभर वापरतात. चालतं फक्त मॅकवर, त्यामुळे विंडोजवाल्यांनी इथेच थांबावं. दोन चॅनलचा आवाज पुरत असेल तर फुकट आवृत्तीतही प्रयोग निघतो.

पैसे वसूल करणारी गोष्ट म्हणजे डीव्हॅम्प क्यू, म्हणजे घोळत ठेवलेल्या संगीताला पुढे सोडणारा क्यू. नट एखाद्या प्रयोगात पॉझ ताणतो, एखाद्यात तोच प्रवेश झरझर उरकतो. पार्श्वसंगीताची लांबी ठरलेली असली की बिचाऱ्याला संगीताच्या मागे पळावं लागतं. इथे फाइलचे स्लाइस (तुकडे) पाडायचे, मधल्या स्लाइसला अनंत आवर्तनं द्यायची आणि वाक्य पडलं की 'गो' दाबून डीव्हॅम्प क्यू सोडायचा. चालू आवर्तन पुरं करूनच संगीत पुढच्या तुकड्यात जातं, सम चुकत नाही. स्लाइस मात्र आखूड हवा. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० मात्रा) चार मात्रांचे चार बार म्हणजे ८ सेकंद, पण ६० बीपीएमला तेच १६ होतात. गो दाबल्यावर जवळजवळ तेवढं थांबावं लागू शकतं आणि तोवर रंगमंचावर सगळे एकमेकांची तोंडं बघत असतात. लूपच्या सांध्यावर रिव्हर्बची, म्हणजे मागे घुमत राहणाऱ्या आवाजाची, शेपटी तुटते. त्यावर उपाय असा, की तुकडा लागोपाठ दोनदा वाजवून बाउन्स करून, म्हणजे नव्या फाइलमध्ये उतरवून, त्यातलं दुसरं आवर्तन वापरायचं.

बदल करणं इतकं सोपं, हाच या सॉफ्टवेअरचा धोकाही आहे. पडदा उघडायला दहा मिनिटं असताना दिग्दर्शक म्हणतो, 'तेवढा पाऊस जरा आधी आणा', आणि ते अर्ध्या मिनिटात होतंही. पण त्या क्यूला ऑटो-फॉलोने (आधीचा संपला की आपोआप सुटणारा) जोडलेला पुढचा क्यूही सरकला, हे कळतं थेट प्रयोगात. म्हणून रंगीत तालमीनंतरचा प्रत्येक बदल नव्या नावाच्या प्रतीत करावा आणि आधीच्या दोन क्यूंपासून चालवून बघावा. मगच शो मोड, ज्यात क्यू बदलता येत नाहीत. एडिट मोडमध्ये कर्सर नोंदीच्या चौकटीत राहिला, तर स्पेसबार गो देत नाही, नुसती मोकळी जागा टाइप करतो!

सेटिंग्जमध्ये दोन गोंमधलं किमान अंतर ठरवता येतं. अर्धा सेकंद ठेवला तरी घामेजल्या बोटाचा दुहेरी दाब अडतो, पण भराभर क्यू असलेल्या प्रवेशात तोच आडवा येईल, तेव्हा तो प्रवेश चालवूनच आकडा ठरवा. एस्केप एकदा दाबलं की सगळं हळूहळू विझतं, लगेच पुन्हा दाबलं की जागच्या जागी बंद. ऑपरेटरच्या हाताला हे तालमीतच वळण लागायला हवं.

फाइल सापडली नाही की क्यूवर लाल फुली येते. बहुतेक वेळा कारण एकच : फाइल कुणाच्या तरी डेस्कटॉपवर किंवा काढून नेलेल्या पेनड्राइव्हवर राहिलेली असते. बंडल वर्कस्पेस करून सगळं एका फोल्डरमध्ये घ्या आणि तेच दुसऱ्या मॅकवर टाका. दोन्ही मॅकना एकाच बटणाने गो जावा आणि आवाज दोन्हींपैकी एक मॅक निवडणाऱ्या स्विचरमधून यावा. बॅकअप म्हणून नुसता बॅगेत ठेवलेला लॅपटॉप प्रयोग वाचवत नाही. व्हिडिओ एच.२६४ या जास्त दाबलेल्या फॉरमॅटऐवजी प्रोरेस फॉरमॅटमध्ये द्या. फाइल फुगते, पण मॅकला दर फ्रेम उलगडायचं काम कमी पडतं आणि क्यू अडखळत नाही. नोटिफिकेशन, स्लीप, आपोआप होणारे अपडेट बंद, हे सांगायला नकोच.

प्रकाशासाठी डीएमएक्सची (दिव्यांना हुकूम देणारी संदेशपद्धत) सोय आहे, लहान प्रयोगाला पुरते. गाण्याच्या अंगाने हाताने दिवे खेळवायचे असतील तर प्रकाशाच्या कन्सोलला पर्याय नाही.

आतषबाजी, हवेत उचलला जाणारा नट, खाली-वर होणारा रंगमंच यांना क्यूलॅबमधून मिडी किंवा ओएससी (यंत्रांना हुकूम देण्याच्या पद्धती) यांचा संदेश पाठवता येतो म्हणून पाठवू नये. तिथे ज्याला जागा डोळ्यांनी दिसते असा वेगळा माणूस हवा. बोट उचललं की थांबणारं बटण आणि वेगळा इमर्जन्सी स्टॉप त्याच्याच हाताशी हवा. क्यूलॅबने फार तर त्याच्यासमोरचा इशाऱ्याचा दिवा लावावा.

क्यूलॅबच्या चौथ्या आवृत्तीत बांधलेला प्रयोग पाचव्या आवृत्तीत उघडतो, पाचव्यातला चौथ्यात नाही. दौरा चालू असताना एकाच मॅकवर आवृत्ती बदलली, तर बॅकअप तिथेच संपला.