मंगळ की शुक्र: जीव कुठे होऊन गेला असेल?

साताऱ्याजवळच्या कास पठारावर सप्टेंबरात फुलं बघायला झुंबड उडते, पायाखालच्या तांबड्या जांभ्याकडे कोण बघतो? त्याचा रंग लोखंडाच्या गंजाचा, मंगळाची लालीही तीच. रंगावरून जीव ठरत नाही म्हणा, आधी पाणी लागतं.

मंगळावर ते होतं. जेझेरो विवरात अब्जावधी वर्षांपूर्वी नदी तळ्याला मिळत होती, तिचा गाळ आजही दिसतो. २०२१ पासून नासाची पर्सिव्हिअरन्स गाडी त्याच भागात फिरतेय. २०२४ मध्ये नदीच्या जुन्या पात्रात तिला ठिपक्याठिपक्यांचा खडक सापडला: कड काळपट, आत फिकट. त्यात लोहाची फॉस्फेटं आणि सल्फाइडं दिसतात. पृथ्वीवर चिखलातले सूक्ष्मजीव अशी खनिजं घडवतात. जीवाशिवायही ती होऊ शकतात, म्हणून नासाही हात राखूनच बोलते. नमुना भरून ठेवलाय, तो आणायचं घोंगडं मात्र भिजत पडलंय.

शुक्रावर शिसं वितळेल एवढी उष्णता, दाब पृथ्वीच्या नव्वदपट. तिथे कधी समुद्र होता का, यावरच एकमत नाही. २०२० मध्ये ढगांत फॉस्फिन, म्हणजे जीवाची खूण असू शकणारा वायू, सापडल्याचा गाजावाजा झाला, तोही वादातच अडकला. त्यात जुनी जमीन बरीचशी लाव्ह्याखाली गेलेली, म्हणजे पुरावा असलाच तर गाडलेला.

पोवई नाक्यावर कोणी पैज लावलीच, तर माझे पैसे मंगळावर. शुक्रावर मी कटिंग चहाही लावणार नाही.