शिकागोची वेस्टसाइड प्रिपरेटरी स्कूल: अध्यापन अव्वल, संस्था मात्र एकखांबी तंबू

शिकागोच्या गारफील्ड पार्क या गरीब, प्रामुख्याने कृष्णवर्णीय वस्तीत मार्व्हा कॉलिन्स यांनी 1975 मध्ये काढलेली ही खासगी शाळा 2008 मध्ये बंद झाली. त्यामुळे आता प्रवेशाची घाई नाही आणि तिचे गुणदोष निवांतपणे तोलता येतात. शहराच्या सरकारी शाळांत 14 वर्षे शिकवून वैतागलेल्या कॉलिन्सबाईंनी आपल्या निवृत्ती निधीतले 5,000 डॉलर घालून ती उभी केली, आणि सुरुवातीच्या काळात ती त्यांच्या राहत्या घराच्या वरच्या मजल्यावर भरत असे. सरकारी शाळांनी ‘शिकण्यास अक्षम’ असा शिक्का मारलेली मुलेही येथे घेतली जात.

शाळेची खरी कमाई वर्गातच दिसते. शब्द पाहून अंदाजाने ओळखण्याऐवजी मूल अक्षरांचे उच्चार एकेक करून जुळवत मोठ्याने वाचत असे, आणि इंग्रजीच्या आडमुठ्या स्पेलिंगपुढे ही शिस्त किती उपयोगाची, हे वेगळे सांगायला नको. बाई टेबलाला चिकटून न बसता बाकांमधून फिरत, चूक तिथल्या तिथे सुधारत आणि शाबासकीही हातोहात देत. कोवळ्या वयातच शेक्सपिअर आणि प्लेटो हाती देऊन त्यांवर प्रश्नांची सरबत्ती केली जाई. हा भार काहींना अघोरी वाटेल. मला मात्र मुलांना कमी न लेखण्याची ही वृत्तीच सर्वांत मोलाची वाटते.

1979 मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने शाळा देशभर गाजवली, 1981 मध्ये तिच्यावर चित्रपटही आला. लगोलग 1982 मध्ये मुलांच्या प्रगतीच्या दाव्यांवर शंका घेतल्या गेल्या आणि सरकारी पैसा नाकारल्याचे सांगूनही तो घेतल्याचा आक्षेप आला. बाईंनी टीका फेटाळली, तरी ‘चमत्कार’ या बिरुदाने शाळेचे नुकसानच केले, असे माझे मत आहे; चांगल्या अध्यापनाला त्याची गरज नव्हती.

खटकते ती आर्थिक बाजू. ज्या घरांसाठी शाळा काढली, त्यांनाच शुल्क भरावे लागे. पुरेसे विद्यार्थी आणि पैसा नसल्याने अखेर शाळेला टाळे लागले, तेही संस्थापिका हयात असताना; त्यांचे निधन 2015 मध्ये झाले.