मोठ्या अक्षरांचं मराठी बायबल, आईसाठी घेतलेलं

नाताळाच्या आधी नागपूरच्या सदरमधल्या एका ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानातून घेतलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी जुन्या बायबलातली बारीक अक्षरं आईला भिंग घेतल्याशिवाय दिसतच नव्हती, आता नुसता चष्मा लावून तासभर वाचत बसते. छपाई एकदम ठळक. कागद पातळ आहे, मागच्या पानाची अक्षरं थोडी दिसतात, आणि वजन एवढं की मांडीवर उशी घेऊनच ठेवावं लागते. पण स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलातलं स्तोत्रांचं पुस्तक, जवळपास मधोमध येते, त्यामुळे तिथं पुस्तक आपोआप सपाट उघडं राहते, आणि आई सगळ्यात जास्त तिथंच असते ना.

मार्चमध्ये काटोलकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत गारा पडल्या. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुललेल्या संत्र्यांची, तोडणी अर्धी बाकी होती, संत्र्यांचा खाली सडा पडला, आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेली, बारीक फळं पण झडली. दुसऱ्या दिवशी सकाळी आई 148वं स्तोत्र मोठ्यानं वाचून राहिली होती, सूर्य, चंद्र, तारे, समुद्रातले मोठे प्राणी, सगळ्यांनी देवाची स्तुती करा, आणि 8व्या वचनात गाराच आल्या! मी म्हटलं आई, आज हे नको वाचू. ती म्हणाली, अरे थांब, पुढच्याच वचनात फळझाडं आहेत, दोघंही त्याच्याच हातची.

मग तिनं 14वं वचन मलाच वाचायला लावलं. त्यात देवानं आपल्या लोकांसाठी शिंग उंच केलं असं येते, शिंग म्हणजे बळ. एवढे डोंगर, राजे, पाखरं, सगळे स्तुती करतात, पण त्याच्या जवळचे म्हणून नाव येते ते इस्राएलाचं, त्याच्या लोकांचं. चर्चमध्ये हे आम्ही आपल्यालाही धरूनच वाचतो, पण गारा पडल्यावर त्यानं मला जवळचं म्हणावं हे त्या दिवशी ऐकलं तेव्हा मला रडू आलं, खरंच. नुकसान तर अजून भरून निघालेलं नाही.

घरी म्हातारं माणूस असेल तर नक्की घ्या, चेनवालं कव्हर असलेलंच मागा आणि शिलाई दुकानातच तपासून घ्या. खूणेची रिबीन एकच आहे, दोन पाहिजे होत्या, कारण आईची 148 वरून हलतच नाही.