गेटलाइन: जागेची काळजी घेते, मर्यादेची नाही

सी भाषेत कीबोर्डवरून, फाइलमधून किंवा सिरियल पोर्टवरून एक ओळ वाचायची, तीही बफरच्या, म्हणजे ओळीसाठी राखलेल्या मेमरीच्या, बाहेर न लिहिता. एवढ्याशा कामासाठी तयार मिळणाऱ्या फंक्शनांत सध्या सर्वांत बरे म्हणजे गेटलाइन. पाचपैकी साडेतीन गुण. अर्धा गुण विंडोजवर सहज मिळत नाही म्हणून कापला. उरलेला एक गुण जास्त गंभीर कारणासाठी कापला आहे, आणि त्याच कारणामुळे शेवटी स्वतःचे फंक्शन लिहायची वेळ येते.

आधी उपलब्धता. गेटलाइन मूळचे जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे; २००८ च्या पॉझिक्समध्ये, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या मानकात, ते अधिकृत झाले. कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू असेल तर ते आहेच, मॅकवरही आहे. डॉसबॉक्सच्या निळ्या पडद्यात अजून टर्बो सी चालवणाऱ्यांना ते मिळणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या रनटाइममध्येही नाही. विंडोजच्या लॅपटॉपवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकणे हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग. आणखी एक ठेच हमखास लागते: जीसीसी या कंपायलरला जीएनयू११ ऐवजी कडक सी११ हे मानक सांगितले की हेडर फाइल गेटलाइनची घोषणा लपवते. मग पहिल्या इन्क्लूडच्या आधी पॉझिक्स सी सोर्सचा मॅक्रो २००८०९ एल असा डिफाइन करावा लागतो. जुना जीसीसी इथे नुसती वॉर्निंग देऊन पुढे जायचा. जीसीसी १४ मध्ये ती सरळ एरर झाली, ते चांगलेच झाले.

गेट्स हे ओळ वाचायचे जुने फंक्शन या तुलनेत धरलेलेच नाही. त्याला बफरचा आकार सांगायची सोयच नव्हती. नोव्हेंबर १९८८ मध्ये पसरलेल्या मॉरिस वर्मने (वर्म म्हणजे स्वतःच्या प्रती पसरवणारा प्रोग्रॅम) फिंगर सर्व्हरमधल्या याच फंक्शनचा फायदा घेतला. समोर ५१२ बाइटचा बफर होता आणि वर्मने त्याहून जास्त मजकूर पाठवला. २०११ च्या मानकातून गेट्स काढून टाकले. तरी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात गठ्ठ्याने मिळणाऱ्या पुस्तकांच्या जुन्या आवृत्त्यांत आणि झेरॉक्सच्या नोट्समध्ये ते सुखाने नांदते आहे. रुंदी न देता स्कॅनएफमध्ये टक्का एस लिहिणे म्हणजेही तोच प्रकार: १०० बाइटच्या अ‍ॅरेला टक्का ९९ एस हवे. शिवाय ते पहिल्या स्पेसशी थांबते, म्हणजे ओळ वाचायला तसेही निरुपयोगी.

खरा प्रतिस्पर्धी एफगेट्स. त्याला आकार द्यायचा. ते जास्तीत जास्त आकार वजा एक इतके बाइट वाचते, न्यूलाइन (ओळ संपल्याचा बाइट) मिळाली तर ती ठेवून थांबते आणि शेवटी मजकूर संपल्याची खूण म्हणून शून्य बाइट लावते. बफर फुटत नाही. पण ओळ लांब असली तर अर्धी हातात देते आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

हे मराठी मजकुरावर चटकन दिसते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रा-अनुस्वार धरून, तीन बाइट घेते. 'अप्पा बळवंत चौक' डोळ्यांना आठ अक्षरे आणि दोन स्पेस. प्रत्यक्षात १३ चिन्हे, म्हणजे ३९ बाइट, अधिक दोन स्पेस, एकूण ४१. न्यूलाइन आणि शून्य बाइट धरून बफर किमान ४३ चा हवा. बसथांब्यांच्या नावांची फाइल ३० च्या बफरने वाचली तर 'बळवंत'मधल्या त चा पहिला बाइट एका वाचनात आणि उरलेले दोन पुढच्यात जातात; पडद्यावर प्रश्नचिन्हांचे चौकोन येतात आणि गडबड लगेच कळते. ३२ चा बफर जास्त घातक. तिथे तुकडा नेमका 'अप्पा बळवंत' या जागी पडतो, पुढचा थांबा ' चौक' असा नीट छापला जातो, आणि यादीत एक थांबा वाढल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून एफगेट्स वापरायचेच तर प्रत्येक वेळी शेवटचा बाइट न्यूलाइन आहे का ते तपासायचे. नसेल आणि फाइलही संपली नसेल, तर ओळ तुटली आहे. न्यूलाइन काढण्यासाठी स्ट्रलेन (मजकुराची लांबी) वजा एक या जागी शून्य लिहायची सवय सोडून द्यावी. ओळीचा पहिलाच बाइट शून्य असेल तर स्ट्रलेन शून्य येते, वजा एक केल्यावर भलताच पत्ता तयार होतो आणि अ‍ॅरेच्या बाहेर लिहिले जाते. स्ट्रसीएसपीएनने न्यूलाइनची जागा शोधून तिथे शून्य ठेवणे सुरक्षित. मात्र मध्येच शून्य बाइट आला तर तेही तिथेच थांबते आणि ओळीचा पुढचा भाग गुपचूप हरवतो. एफगेट्स किती बाइट वाचले ते सांगतच नाही, हा त्याचा मूळ दोष. बाकीचे उपाय मलमपट्टीचे.

प्रॅक्टिकलच्या मेन्यू-ड्रिव्हन प्रोग्रॅममध्ये पर्याय स्कॅनएफने आणि नाव एफगेट्सने वाचले की नाव रिकामे येते, कारण आकड्यानंतरची न्यूलाइन तशीच पडून असते. त्यावर एफफ्लश एसटीडीइन (साठलेले इनपुट रिकामे करायची हाक) हा उतारा वर्षानुवर्षे सांगितला जातो. इनपुट स्ट्रीमवर एफफ्लशचे वर्तन सी मानकात ठरवलेलेच नाही. आकडासुद्धा ओळ म्हणून वाचा आणि स्ट्रटोलने त्यातून संख्या काढा, भांडणच मिटते.

आता गेटलाइन. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: बफरच्या पॉइंटरचा पत्ता, क्षमतेचा पत्ता आणि स्ट्रीम. सुरुवातीला पॉइंटर नल (कुठेच न दाखवणारा) आणि क्षमता शून्य ठेवली की जागा ते स्वतः घेते. लिनक्सवरची सी लायब्ररी जीलिबसी पहिल्यांदा १२० बाइट घेते आणि पुढे लागेल तशी जागा दुप्पट करते. परत मिळणारा आकडा न्यूलाइनसकट बाइटांचा असतो, त्यामुळे मधला शून्य बाइटही हरवत नाही. एफगेट्सची निम्मी दुखणी इथेच संपतात. न्यूलाइन ते स्ट्रीमच्या बफरमध्ये मेमसीएचआरने शोधते, म्हणून मोठ्या फाइलवर एकेक बाइट घेणाऱ्या घरगुती लूपपेक्षा ते वेगवान असते.

चुका होतात त्या वापरणाऱ्याच्या बाजूने, आणि त्याच त्याच. साधा अ‍ॅरे बफर म्हणून दिला तर ओळ लांब निघाल्यावर रिअ‍ॅलॉकला, म्हणजे जागा वाढवून देणाऱ्या फंक्शनला, परका पत्ता मिळतो आणि प्रोग्रॅम कोसळतो. बफर मॅलॉकने मागून घेतलेलाच हवा. क्षमता साइझ-टी ऐवजी इंटमध्ये ठेवून पत्ता कास्ट केला तर ६४ बिटच्या मशिनवर चार बाइटच्या जागी आठ लिहिले जातात. परतीचा आकडा साइनविरहित प्रकारात ठेवून 'शून्यापेक्षा मोठा असेपर्यंत' असा लूप लावला तर वजा एक हा प्रचंड मोठा आकडा बनतो आणि लूप कधीच संपत नाही. सर्वांत जास्त दिसणारी चूक वेगळीच: मिळालेला पॉइंटर जसाच्या तसा यादीत साठवणे. बफर एकच आहे, प्रत्येक वाचनात वरून लिहिला जातो, त्यामुळे शेवटी यादीत तीच एक ओळ किंवा मोकळी झालेली मेमरी दिसते. स्ट्रडपने प्रत करा, नाहीतर पॉइंटर यादीत दिल्यावर ते चल (व्हेरिएबल) पुन्हा नल आणि क्षमता शून्य करा. वाचन फसले तरी फ्री करायचे असते, हेही बरेच जण विसरतात.

उणे बाजू दोन. फाइल संपली काय आणि वाचनात चूक झाली काय, उत्तर एकच: वजा एक. फरक कळायला एफईओएफ आणि एफएररला विचारावे लागते. दुसरी बाजू, जिच्यासाठी पूर्ण एक गुण कापला: कमाल मर्यादा सांगायची सोय नाही. डेव्ह-झीरो ही न संपणारे शून्य बाइट देणारी फाइल गेटलाइनला वाचायला द्या. तिथे न्यूलाइन कधीच येत नाही. बफर दुप्पट होत राहतो, आणि एकतर रिअ‍ॅलॉक नकार देते किंवा कर्नलचा ओओएम किलर (मेमरी संपल्यावर प्रोग्रॅम बंद पाडणारा) प्रोग्रॅमला उचलतो. नेटवर्कवरून येणाऱ्या ओळीबाबत हे काम समोरचा कोणीही मुद्दाम करू शकतो. शिवाय एकदा मोठा झालेला बफर आपोआप लहान होत नाही. ४० एमबीची एक ओळ येऊन गेली की तेवढी जागा अडकलीच.

स्वतःच्या कॉन्फिग फाइलसाठी गेटलाइन पुरेसे आहे. बाहेरच्या इनपुटसाठी गेटसीवर (एकेक बाइट वाचणाऱ्या फंक्शनवर) उभे केलेले, तीस-चाळीस ओळींचे फंक्शन लिहावे. ते असे बसवता येते. स्ट्रीम, बफरच्या पॉइंटरचा पत्ता, क्षमतेचा पत्ता, लांबीचा पत्ता आणि कमाल लांबी असे पाच आर्ग्युमेंट. परत जाणारे मूल्य एनम (नावे दिलेल्या पर्यायांची यादी), पाच स्थितींचे: ओळ मिळाली, फाइल संपली, ओळ मर्यादेबाहेर, मेमरी नाही, वाचनात चूक. या पाच स्थिती वेगळ्या ठेवण्यासाठीच सगळा खटाटोप, त्यामुळे त्यांतल्या दोन एकत्र करायचा मोह टाळावा.

गेटसीचे उत्तर इंटमध्येच घ्या. कॅरमध्ये घेतले तर इंटेलच्या लॅपटॉपवर २५५ किमतीचा बाइट ईओएफ (फाइल संपल्याची खूण) समजला जातो आणि फाइल मध्येच 'संपते'. एआरएमच्या लिनक्सवर कॅर साइनविरहित असल्याने ईओएफ कधी जुळतच नाही. तोच प्रोग्रॅम लॅपटॉपवर शहाण्यासारखा वागतो आणि रास्पबेरी पायवर लटकतो.

बाइट बफरमध्ये ठेवण्याआधी क्षमता किमान लांबी अधिक दोन आहे का पाहा: एक त्या बाइटसाठी, एक शेवटच्या शून्यासाठी. अधिक एक लिहिले की नेमक्या काठावरच्या लांबीला शून्य बाइट बाहेर पडतो, आणि हा दोष महिनोन् महिने झोपून राहतो. सुरुवात १२८ पासून, मग दुप्पट. क्षमता अंतिम आकाराच्या (कमाल लांबी अधिक शून्य बाइट) निम्म्याहून जास्त झाली असेल तर दुप्पट न करता थेट अंतिम आकारावर जा. त्यामुळे गुणाकार ओव्हरफ्लो होण्याची भीतीही जाते. कमाल लांबी ४०९५ ठेवा, ४०९६ नको. शून्य बाइट धरून ४०९६ होतात आणि १२८ पासून पाच दुपटींत हिशेब पुरा होतो. नाहीतर एका बाइटसाठी सहावे रिअ‍ॅलॉक. रिअ‍ॅलॉकचे उत्तर आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये घ्या. मूळ पॉइंटरवरच घेतले आणि नल आले, तर जुन्या जागेचा पत्ता हरवतो आणि ती जागा गळते.

मर्यादा ओलांडल्यावर काय, हा निर्णय फंक्शनवर सोडू नये. फाइल असेल तर न्यूलाइनपर्यंतचे बाइट टाकून देणे योग्य, मात्र त्या लूपमध्येही ईओएफ तपासा. सॉकेट असेल तर उरलेली ओळ उपसत बसू नका, जोडणी बंद करा. ती ओळ कधी संपणारच नसेल तर उपसणेही संपणार नाही. शेवटची ओळ न्यूलाइनविना संपली तर ती ओळच आहे, टाकू नये; 'फाइल संपली' हे उत्तर पुढच्या हाकेला. आणि व्हाइल नॉट एफईओएफ असा लूप लिहू नका, अपयशी वाचनाआधी एफईओएफला काही कळत नाही, आणि वाचनाचे उत्तर न तपासता पुढे गेले की शेवटची ओळ दोनदा हाताळली जाते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणकडे गाड्यांच्या ट्रॅकिंग युनिटवर काम करणाऱ्यांना मॅलॉक चालतच नाही, आणि लागतही नाही. जीपीएस आपली माहिती एनएमइए साच्यातल्या वाक्यांत पाठवतो; अशा वाक्याची कमाल लांबी डॉलर चिन्हापासून सीआर-एलएफ या ओळ संपवणाऱ्या दोन बाइटांपर्यंत ८२ अक्षरे. शून्य बाइटसकट ८३ चा स्थिर बफर पुरतो. बॉड रेट (पोर्टचा वेग) चुकला की पोर्टवरून शून्य आणि २५५ असे बाइट येऊ लागतात, म्हणजे वरचे दोन्ही सापळे एकदम. तिथे शून्य बाइट दिसताच ते वाक्य फेकून द्यावे आणि पुढच्या डॉलरपासून सुरुवात करावी. चेकसम (पडताळणीचा आकडा) त्यानंतर.

विंडोजवर एक्सेलमधून सीएसव्ही काढली असेल तर न्यूलाइनच्या आधी सीआर येतो. तो शेवटी असेल तरच काढा, मधला सोडून द्या. न काढल्यास 'स्वारगेट' आणि 'स्वारगेट' स्ट्रसीएमपीला वेगळे वाटतात आणि पडद्यावर काहीच फरक दिसत नाही.

तपासणीसाठी अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) लावून प्रोग्रॅम बांधा आणि हे इनपुट द्या: रिकामी फाइल, फक्त एक न्यूलाइन, न्यूलाइनविना शेवट, १२६, १२७ आणि १२८ बाइटच्या ओळी, ४०९४, ४०९५ आणि ४०९६ बाइटच्या ओळी, मध्ये शून्य बाइट असलेली ओळ, आणि हेड कमांडने डेव्ह-झीरोमधून कापलेले दहा एमबी. पहिली दुप्पट १२७ व्या बाइटला नाही तर १२८ व्या बाइटला व्हायला हवी. मेमरी संपल्याची वाट तपासायला सॅनिटायझरविना वेगळे बांधून रिअ‍ॅलॉकच्या जागी तिसऱ्या हाकेला नल देणारे स्वतःचे फंक्शन बसवा, आणि ते मेमरीची गळती दाखवणाऱ्या व्हॅलग्राइंडखाली चालवून एकही बाइट गळत नाही ना ते पाहा.