प्यूचा भारतातल्या धर्मावरचा सर्व्हे: फुकट आहे, पण मागून वाचायला घ्या

लग्नाआधी मी एका एजन्सीसाठी दारोदार फिरून फॉर्म भरून घ्यायचे. तेव्हापासून खोड लागलीय, कुठलाही सर्व्हे दिसला की आधी शेवटची पानं उघडायची. किती जणांना विचारलं, कुठे गाठलं, प्रश्न नेमका कसा टाकला. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेचा जून २०२१ मधला अहवाल या परीक्षेत चांगला उतरतो. २९,९९९ प्रौढ, १७ भाषा, समोरासमोर मुलाखती, आणि सगळं काम मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनच्या तोंडावर आटोपलेलं. प्रश्नावली जशीच्या तशी दिलीय. साइटवर एक पैसा पडत नाही.

बातम्यांत यातला एकेक आकडा सुटा येतो, तिथेच घोळ होतो. खरा भारतीय असायला सगळ्या धर्मांचा मान राखणं फार महत्त्वाचं, असं ८४ टक्के म्हणतात. आणि आपल्या बायकांनी धर्माबाहेर लग्न करणं थांबवणं फार महत्त्वाचं, असं हिंदूंतले ६७ आणि मुसलमानांतले ८० टक्के म्हणतात. मान सगळ्यांना, सोयरीक आपल्यातच. शेजारी मुसलमान नको म्हणणारे हिंदू ३६ टक्के.

या ३६ वर मी बराच वेळ अडकले. दारात आलेल्या परक्या माणसासमोर लोक सहसा शोभेलसंच बोलतात. मी सुनेला प्रश्न विचारायचे आणि स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडायच्या, "लिहा हो, आमच्यात मोठ्यांचंच ऐकतात!" सून मान डोलवायची, फॉर्मवर ते तिचं मत म्हणून जायचं. इतकं जपून बोलणारी माणसं शेजाऱ्याबद्दल तोंडावर 'नको' सांगतात, म्हणजे ते बोलायला त्यांना लाज वाटत नाही. मला आकड्यापेक्षा हे जास्त लागलं.

तक्रार एकच, पण मोठी. महाराष्ट्र वेगळा काढलेला नाही. 'पश्चिम' म्हणून गुजरात, गोव्याबरोबर एकत्र घातलाय. सांगली आणि सुरत एकाच खान्यात! आपल्याला जवळची आकडेवारी हवी तर बौद्धांची बघा, कारण देशातले बहुतेक बौद्ध महाराष्ट्रातच राहतात. त्यातले एक तृतीयांश देव मानत नाही म्हणतात, ८९ टक्के स्वतःला अनुसूचित जातीचे सांगतात. मात्र मुलाखती ७१९ च, तेव्हा दोन-चार टक्क्यांच्या फरकावरून वाद घालू नका.

पाचपैकी चार. इंग्रजी सोपं आहे, तक्ते स्वच्छ आहेत. घाई असेल तर सुरुवातीचा सारांश आणि मागची प्रश्नावली एवढं पुरे. श्रद्धांवरचं प्रकरण मात्र सोडू नका. कर्मावर विश्वास ठेवणारे हिंदूही ७७ टक्के आणि मुसलमानही ७७ टक्केच निघालेत.