‘दुष्परिणाम नसलेल्या’ गोळ्यांसाठी मोजलेले १,१२,००० रुपये

वडिलांचा यकृताचा कर्करोग फुप्फुसापर्यंत पसरल्यावर रुग्णालयाने सोराफेनिब हे कर्करोगाचे औषध सुरू केले. त्याने त्यांच्या तळपायांची कातडी अशी सोलवटली की चप्पलही घालवेना, आणि निदान हा त्रास तरी टळावा म्हणून मी नौपाड्यातल्या एका ‘वैद्यां’चा जिना चढलो.

त्याच्या गोड बोलण्याचे वर्णन करण्याची गरज नाही. सल्ल्याचे १,५००, तीन महिन्यांच्या कोर्सचे ८४,००० आणि ‘गाठी विरघळू लागल्या आहेत, आता थांबू नका’ म्हणून बूस्टरचे २६,५०० रुपये त्याने घेतले. हळदीतील कुरकुमिन आणि दारुहळदीतील बर्बेरिन यांवरचे जे शोधनिबंध त्याने टेबलावर पसरले, ते खोटे नव्हते, आणि खरी मेख तिथेच होती. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत या द्रव्यांनी कर्करोगाच्या पेशींची हालचाल मंदावते, काही प्रयोगांत उंदरांमधला प्रसारही कमी होतो. परंतु कुरकुमिन आतड्यातून रक्तात फारच थोडे उतरते. ‘उंदीर’ हा शब्द मी वाचला आणि पान उलटले.

त्याने दिलेल्या गोळ्यांच्या डब्याच्या तळाशी बारीक अक्षरांत चौदा आकडी खाद्य परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापलेले होते. सही किंचित जुळली नाही तरी धनादेश परत करण्यात बँकेत माझी ३१ वर्षे गेली. त्या दिवशी चष्मा खिशात होता, तो काढला नाही. मी अडाणी नाही, पण वडील रात्रभर कण्हत असताना कोण लेबल वाचत बसतो? तुम्ही मात्र वाचा.

अडीच महिन्यांनी यकृताच्या तपासणीतले आकडे चढले, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न ‘घरी आणखी काय देता?’ हाच विचारला. शोषण वाढावे म्हणून मिरीतले पायपरीन घातलेल्या हळदीच्या गोळ्यांनी यकृतालाच इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कोणतीही पुडी आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा.

पोलीस ठाण्यात ‘पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत’ असे ऐकवून मला परवाने देणाऱ्या कार्यालयाकडे पाठवले, तिथून दुसऱ्या मजल्यावर, तिथून पुन्हा पोलिसांकडे. कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, असे मी म्हणालो, तर साहेबांनी ‘जाहिरात कुठे आहे?’ असे विचारले. त्याच कायद्याच्या व्याख्येत तोंडी केलेली घोषणाही येते, हे मी वाचून दाखवले, तेव्हा ते जेवायला उठले.

पावती मागताना वस्तूचे नाव लिहून घ्या. माझ्या तिन्ही पावत्यांवर ‘आहारविषयक सल्ला’ एवढेच आहे, आणि दोन सीलबंद डबे अजून कपाटात पडून आहेत.