दादरची फूल मंडई: घरच्या कार्यासाठी एवढ्या लांब जावं का?

सोसायटीच्या हळदीकुंकवाची सजावट माझ्याकडे असते. शिवाय घरचा गणपती, गौरी, दिवाळी, मध्येच कुणाच्या सुनेचं डोहाळजेवण. त्यामुळे "फुलं कुठून आणलीत हो?" हे मला कायम विचारतात. दादर पश्चिमेची मीनाताई ठाकरे फूल मंडई आणि तिच्याबाहेर केशवसुत उड्डाणपुलाखाली बसणारे विक्रेते, हे माझं उत्तर. मी डोंबिवलीची. कल्याणच्या बाजार समितीतला फूलबाजार आम्हाला जवळ पडतो आणि तोरणापुरता झेंडू-शेवंती हवी असेल तर मी तिथेच जाते. पण फुलदाणीत लावायची लांब देठाची फुलं, हिरवा पाला आणि चार रंगांतून एक निवडायची मुभा हवी असेल तर दादरला पर्याय नाही.

वेळेचं आधी सांगते. पहाटे चारला मंडई जागी असते, पण ती डेकोरेटर आणि हारवाल्यांची वेळ. ते शेकड्यांनी उचलतात, आपण दोन जुड्या मागितल्या तर कुणी मान वर करून बघतही नाही. साडेसहा ते आठ ही आपली वेळ. माल अजून ताजा असतो, विक्रेत्याला बोलायला उसंत असते आणि गाडीत बसायला जागा मिळते. दुपारनंतर भाव पडतात, पण तोवर जरबेऱ्याने माना टाकलेल्या असतात.

जरबेरा दहाच्या जुडीत येतो, गुलाब वीसच्या. एरवी जरबेऱ्याची जुडी मला ५० ते १०० रुपयांत मिळते, लग्नाची तिथी असली की तोच विक्रेता दीडशेच्या खाली उतरत नाही. जरबेऱ्याच्या प्रत्येक फुलावर प्लास्टिकची टोपी असते, ती काढून बघायला लाजू नका. फुलाच्या मधल्या चकतीवर परागांची बाहेरची एक-दोन कडी उमललेली असेल तर फूल ताजं. सगळी चकती पिवळीधम्मक, भुरभुरीत झाली असेल तर ते म्हातारं झालंय, टोपीने नुसतं सावरून धरलंय. गुलाबाची कळी देठाजवळ दोन बोटांत हलकी दाबायची. टणक लागली तर घ्यायची, पोकळ लागली तर ठेवून द्यायची. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या हिरवट, चुरगळलेल्या असतात, त्यांना नावं ठेवू नका. आतल्या पाकळ्या त्यांनीच जपलेल्या असतात, घरी आणून अलगद ओढून काढल्या की झालं. हे गुलाब बरेचसे तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमधले. व्हॅलेंटाइनच्या आठवड्यात तिथला चांगला माल परदेशी जातो आणि इथे भाव चढतात, तेव्हा गुलाबाच्या वाटेला जाऊच नका.

निळी शेवंती आणि निळं ऑर्किड दिसलं की बायका थबकतात. तो रंग पाजलेला असतो. फुलदाणीचं पाणी निळं होतं आणि टेबलावरचा पांढरा रुमालही.

माझा एक ठरलेला विक्रेता आहे, उड्डाणपुलाच्या खांबाला टेकून बसतो. त्याच्याकडे लिली मागितली की आधी विचारतो, "मावशी, कार्यक्रम कधी?" उद्या सकाळी म्हटलं तर अर्धवट रंग धरलेल्या कळ्यांची काडी देतो, परवा म्हटलं तर घट्ट हिरवी. एकदा मी उमललेली लिली हातात घेतली तर त्याने काढूनच घेतली: "ही आजची, ही हॉटेलवाल्याला जाऊ दे." वर्तमानपत्राच्या पानावर काड्या तिरक्या ठेवून, खालची बाजू दुमडून तो असा पुडा वळतो की लेडीज डब्यातल्या गर्दीतून फुलांना धक्का लागत नाही. एवढ्यासाठी मी त्याला घासाघीस न करता दोन पैसे जास्त देते.

आता जे आवडत नाही ते. पावसाळ्यात खाली पालापाचोळ्याचा चिखल असतो. जुनी चप्पल घाला, चांगली साडी नको. पार्किंगचा विचारही करू नका. हातगाड्या मागून "साइड, साइड" करत येतात आणि थांबत नाहीत. बाहेर तयार बुके मिळतात, ते मी घेत नाही. जिप्सोफिला (बारीक पांढरी फुलं) आणि चमकत्या कागदात दोन ताजी, चार शिळी अशी सरमिसळ असते, आणि त्याच पैशांत दोन जुड्या आणि पाल्याचा गठ्ठा येतो. पण तयार बुक्यांत सगळ्यात महागात पडला तो ऑनलाइन मागवलेला. दिरांच्या साठीला मागवला होता. फोटोत गुलाबांचा डोंगर, दारात आला तो स्पंजमध्ये खोचलेला. स्पंज कोरडा ठणठणीत, गुलाबांनी केक कापायच्या आत माना टाकल्या. ग्राहक सेवेने दिलगिरी म्हणून पुढच्या खरेदीवर सूट दिली. पुढची खरेदी कोण करतंय!

तो हिरवा स्पंज मी घरातूनही हद्दपार केलाय. एकदा भोसकला की पुन्हा फारसा कामाचा राहत नाही आणि चुरा झाला की ते प्लास्टिकच. त्याऐवजी कोंबडीच्या खुराड्याला लावतात ती जाळी हार्डवेअरच्या दुकानातून वीतभर आणायची, चुरगाळून गोळा करायचा आणि पितळेच्या तांब्यात किंवा उरळीसारख्या पसरट भांड्यात बसवायचा. काड्या हव्या तशा उभ्या राहतात, आणि जाळी धुऊन पुढच्या वेळी पुन्हा वापरता येते.

घरी आल्यावर पहिलं काम बादली. देठ पाण्यात धरून तिरके कापायचे, पाण्यात बुडतील ती पानं काढून टाकायची (ती कुजतात आणि पाणी नासवतात), आणि तासभर अंधाऱ्या, गार जागी सगळं तसंच ठेवायचं. आमच्याकडे ती जागा म्हणजे बाथरूम, त्यावरून घरात होणारी बोलणी मी ऐकून घेते. जरबेऱ्याला दोन-तीन बोटं पाणी पुरतं, त्याचा लवदार देठ खोल पाण्यात सडतो. निशिगंधाची काडी खालून वर उमलत जाते, म्हणून खालची सुकलेली फुलं रोज खुडायची. लिली उमलली की आतले तपकिरी पुंकेसर बोटाने ओढून टाका. पराग साडीवर पडलेच तर पाणी लावू नका, चिकटपट्टीने उचला. घरात मांजर असेल तर लिली आणूच नका. तिने चाटलेले परागही तिच्या मूत्रपिंडांना बाधतात. आणि फुलदाणी फळांच्या टोपलीशेजारी नको. पिकणाऱ्या केळ्यांतून जो वायू सुटतो त्याने फुलं लवकर मान टाकतात, कार्नेशन तर सगळ्यात आधी.

सोनचाफा दादरला वसईकडून येतो, मोजून पुड्यांत. तो फुलदाणीचा नव्हेच. काचेच्या वाडग्यात पाणी घालून पाच-सहा फुलं तरंगत ठेवली की पाहुणे दारातच थबकतात. भाद्रपदात मात्र सगळं सोडून बाहेर रस्त्यावर बसणाऱ्या बायकांकडे जा. पालघर-जव्हारकडून आलेल्या असतात. गौरीचा तेरडा, आघाडा, दूर्वा, पत्री त्यांच्याइतकी ताजी कुणाकडे नसते. तिथे घासाघीस करणाऱ्यांचा मला राग येतो.

सणाचे भाव सगळ्यांनाच ठाऊक आहेत. मार्गशीर्षातले गुरुवार आले की वेण्या आणि शेवंती चढते, दसऱ्याला झेंडू. पण पितृपक्षात मंडई ओस पडते आणि भाव कोसळतात, हे फार कुणी लक्षात घेत नाही. शुभकार्य नसतं म्हणून फुलं आणायची नाहीत असं कुणी सांगितलंय? मी त्याच दिवसांत नुसती घरासाठी आणते: अष्टरच्या जांभळ्या जुड्या, शतावरीचा पाला. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवते. आठवडाभर टिकतात.

रविवारी जाणार असाल तर रेल्वेच्या दुरुस्तीचा मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत परतीची गाडी धरा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी जायचंच असेल तर झेंडू दोन दिवस आधी कळ्यांचा घेऊन ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि त्या दिवशी फक्त आपट्याची पानं आणि आंब्याचे डहाळे आणा. पिशवी कापडी आणि उभी, लांब देठाला पुरेल एवढी. सुट्टे पैसे आता लागत नाहीत, पाटीशेजारी क्यूआर कोड टांगलेला असतो.